अंथरुणाला खिळलेल्या पेशंटचं 'केअर सेंटर' : सोलापुरात देखरेख कुणाची, तक्रार कुठं आणि कशी?

साखरपेठी (धागाकर्ता)

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटलं की वर डॉक्टरांचं घर, खाली पाच-दहा खाटा, बाहेर चपलांचा ढीग असा दवाखाना डोळ्यासमोर येतो. हा धागा त्याच्याबद्दल थोडा आणि दुसऱ्या प्रकाराबद्दल जास्त आहे. बंगला भाड्यानं घ्यायचा, दहा-बारा खाटा टाकायच्या आणि पाटी लावायची : 'केअर सेंटर', 'सेवाधाम', 'आधार निवास' असं काहीतरी. आत पॅरालिसिसचे, फ्रॅक्चर होऊन पडलेले, विसरभोळे झालेले म्हातारे पेशंट. नाकात नळी, लघवीला पिशवी. पैसे महिन्याच्या महिन्याला आगाऊ.

तक्रार घेऊन गेलं की टोलवाटोलवी सुरू होते. महापालिका म्हणते, हा वृद्धाश्रम आहे, समाजकल्याणला जा. समाजकल्याण म्हणतं, आमचं अनुदान नाही, आमचा संबंध नाही. पोलीस म्हणतात, दवाखान्याचं प्रकरण आहे. मग अशा जागेवर नक्की अधिकार कुणाचा? माहितगारांनी कायदा, कागद, पत्ता यावर नेमकं लिहावं. अनुभवकथन नको, त्याचे धागे आधीच चिक्कार आहेत. सेंटरचं नाव कुणीही लिहू नये, नाहीतर संपादक धागा उडवतील.

---

निवृत्त_निरीक्षक

टोलवाटोलवीचं कारण एका व्याख्येत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

महाराष्ट्रात खासगी दवाखान्यांना लागतो तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. पूर्वी नावात 'मुंबई' होतं, आता 'महाराष्ट्र' आहे. त्यातली शुश्रूषागृहाची व्याख्या थोडक्यात अशी : आजार, इजा किंवा विकलता असलेल्या माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व शुश्रूषा करण्यासाठी वापरलेली किंवा वापरायची असलेली जागा. प्रसूतिगृह यातच आलं. हा 'विकलता' शब्द लोक वाचतच नाहीत. म्हातारपणानं किंवा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला माणूस विकलच की. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय याला महत्त्व नाही, आत काय चालतं ते बघायचं.

मात्र कायद्याला उपचार आणि शुश्रूषा दोन्ही लागतात. नुसतं जेवण, आंघोळ, सोबत एवढंच असेल तर ती जागा यात बसणार नाही. म्हणून तक्रारीत 'वृद्धाश्रमात हेळसांड होते' असं लिहिलं की ती हमखास दुसऱ्या टेबलावर जाते. त्याऐवजी लिहा : 'या जागेत नाकातील नळीवाटे आहार, लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन आणि सलाइन दिलं जातं, जागा शुश्रूषागृह म्हणून नोंदलेली आहे काय?' एवढ्या एका प्रश्नानं कागद आरोग्य विभागाच्या टेबलावर टिकतो.

आता हद्द. महापालिका हद्दीत नोंदणी आणि तपासणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. कुंभारी, बोरामणी, तिऱ्हे अशी गावं पालिकेबाहेर पडतात. बार्शी-पंढरपूरसारख्या नगरपरिषदा तर वेगळ्याच. हद्दीबाहेरच्या तक्रारीत जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी अशी दोन्ही नावं घाला. एकालाच दिली की 'दुसऱ्यांकडे वर्ग' यात महिना जातो.

आणि एक नेहमीची चूक. लोक 'सिव्हिल सर्जन' शोधत आपल्या सिव्हिलला जातात. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, त्याचा कारभार अधिष्ठाता बघतात. जिल्हा शल्यचिकित्सक सार्वजनिक आरोग्य विभागाचे, त्यांचं ऑफिस वेगळं. सिव्हिलच्या खिडकीवर दिलेला अर्ज तिथंच पडून राहतो.

केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. नेटवरून उतरवलेल्या अर्जात त्याची कलमं असली की समोरच्याला अर्ज परत करायला आयतं कारण मिळतं.

---

शेंगाचटणी

सर, पण आत गेलं की भिंतीवर तीन-तीन फ्रेम असतात. 'शासनमान्य' म्हणून दाखवतात. ते काय असतं मग?

---

निवृत्त_निरीक्षक

फ्रेम जवळ जाऊन वाचायच्या. बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं :

'गुमास्ता', म्हणजे दुकाने व आस्थापनाचा कागद. २०१७ च्या कायद्यानुसार ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणीही लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की पावती निघते. ती पावती फ्रेममध्ये असते. उद्यम, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र हे मालकानं स्वतःच भरलेल्या माहितीवर निघतं. संस्थेचं धर्मादाय नोंदणीपत्र म्हणजे ट्रस्ट अस्तित्वात आहे, एवढंच. या तिन्हीसाठी कुणीही येऊन खाट, बाथरूम किंवा नर्स बघितलेली नसते.

तुम्हाला हवं ते शुश्रूषागृह नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर खाटांची संख्या आणि मुदत असते. मुदत तीन वर्षांच्या हिशेबानं, ३१ मार्चला संपणारी. दहा खाटांची नोंद आणि आत सोळा पेशंट, हा प्रकार तुम्ही स्वतः मोजू शकता. मोजताना हॉलमधले दिवाण आणि जिन्याखालची कॉट विसरू नका, जादाचे पेशंट तिथंच असतात.

१४ जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. स्थानिक प्राधिकरणानं तक्रार निवारण कक्ष ठेवायचा, हेही त्याच नियमांत आहे. म्हणून अर्जावर 'मा. आयुक्त' लिहून सोडू नका. 'तक्रार निवारण कक्ष, शुश्रूषागृह नोंदणी' असं स्पष्ट घाला.

---

सिस्टरताई

कागदाचं झालं. आता खाटेपाशी काय बघायचं ते लिहिते. भेटायला गेलेला माणूस उशाशी बसून 'बरं आहे ना?' विचारतो, सफरचंद ठेवतो आणि निघतो. पांघरूण काढून बघत नाही, आणि खरी परिस्थिती पांघरुणाखालीच असते.

बेडसोअर, म्हणजे पडून राहून दाबानं होणारी जखम. जागा : माकडहाड, दोन्ही टाचा, कुल्ल्याचं हाड, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू. लाल किंवा काळपट डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. दाबल्यावर फिका पडून पुन्हा लाल झाला तर दाब नुकताच आलाय. रंग बदललाच नाही तर पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या कातडीवर रंग कळत नाही. तिथं हात लावून शेजारच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत लागतंय का बघा. कातडी सोलली की दुसरी पायरी, आतली चरबी दिसली की तिसरी, स्नायू किंवा हाड दिसलं की चौथी. पहिल्या पायरीवर दाब काढला की भरून येतं. चौथीला महिने लागतात, आणि जंतू रक्तात गेले तर माणूस जातो.

यावर उपाय म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं. रात्रीसुद्धा. खाटेला चार्ट असतो : वेळ, डावी-उजवी-पाठ, सही. चार्ट बघताना शाई बघा. चोवीस तासांच्या बारा नोंदी एकाच पेनानं, एकाच हातानं, एका दमात लिहिल्यासारख्या असतील तर तो चार्ट संध्याकाळी भरलाय. दुपारी सव्वातीनला गेलात आणि चारची नोंद आधीच झालेली असेल तर फोटो काढा, फोटोत घड्याळ येऊ द्या.

हवेची गादी. 'एअर बेड आहे' म्हणतात, पण पंप चालू आहे का? पंपावर पेशंटच्या वजनाप्रमाणे फिरवायचं बटण असतं, ते कुणी लावलेलंच नसतं. नळी खाटेच्या दांड्यात चेपलेली असते. किंवा त्याच सॉकेटवर मोबाईल चार्जिंगला असतो आणि पंप काढून ठेवलेला. गादीखालून माकडहाडाच्या जागी तळहात सरकवा. हाताला वरून थेट हाड टेकलं तर गादी बसली आहे, साधारण इंचभर फुगवटा मध्ये असायला हवा. आणि वर रबरी शीट, त्यावर सतरंजी, त्यावर चादर घातली तर त्या गादीचा काही उपयोग नाही. वर एक पातळ चादर बास.

नाकातली नळी. भरवताना डोकं ३० ते ४५ अंश वर, नंतरही अर्धा ते एक तास तसंच. आडवं ठेवून भरवलं तर पातळ जेवण फुप्फुसात जातं आणि चार दिवसांनी 'अचानक न्यूमोनिया झाला' असा फोन येतो. भरवण्याआधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी. नाकपुडीपाशी नळीवर खूण केलेली असावी. खूण पुढे आलेली दिसली की तपासल्याशिवाय एक थेंबही द्यायचा नाही.

लघवीची नळी. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण फरशीवर टेकलेली नको. पेशंटला ओढून हलवताना पिशवी त्याच्या पोटावर ठेवली की लघवी उलटी चढते. साध्या लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. पिशवीवर तारीख लिहिलेली नसेल तर कधी बदलली ते कुणालाच माहीत नाही असं समजा. चोवीस तासांत ५०० मिलीपेक्षा कमी लघवी म्हणजे डॉक्टरांना फोन. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याखालच्या खोलीत झोपलेला पेशंट आपणहून पाणी मागत नाही, आणि डायपर कमी भिजावा म्हणून पाणी हात राखून देणारेही असतात. जीभ बघा, कोरडी खरखरीत असेल तर उत्तर मिळालं.

गोळ्या. सगळ्या पेशंटच्या गोळ्या पाकिटातून काढून वाट्यांत ओतून ठेवलेल्या दिसल्या तर तिथंच थांबवा. पाकिटाबाहेरची पांढरी गोळी रक्तदाबाची की साखरेची, कुणी सांगायचं? नळीवाटे देताना सगळं खलात कुटतात. नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर असलेली गोळी कुटायची नसते. दिवसभर हळूहळू सुटणारा डोस एका वेळी अंगात जातो. बदली गोळी डॉक्टर देतात, विचारायला हवं.

माणसं. रात्री किती, हे विचारा. दिवसा सगळीकडे चार जणी दिसतात. इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीनं जीएनएम, एएनएम किंवा बीएस्सी हा नर्सिंगचा कोर्स केलाय का आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? मावशी कितीही मायाळू असली तरी इन्सुलिन भरणं तिचं काम नाही. यात मावशीचा दोष नाही, तिला ते करायला लावणाऱ्याचा आहे.

अजून एक, खास आपल्या गावचं. इथले कितीतरी आजी-आजोबा घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे. स्मृती गेली की मधली मराठी आधी जाते, मातृभाषा राहते. 'नोप्पि' किंवा 'नोवु' म्हणजे दुखतंय, हे रात्रीच्या अटेंडंटला कळत नसेल तर पेशंट 'विनाकारण ओरडतो' अशी नोंद होते आणि झोपेची गोळी सुरू होते. दहा शब्दांची चिठ्ठी उशाशी चिकटवा.

---

होटगीरोड

सिस्टर, दंडवत. प्रिंट काढून ठेवतोय.

मी इमारतीचं लिहितो. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे नव्यानं सांगायला नको. अंथरुणावरच्या पेशंटचं पुसणं, धुणं, चादरी, भांडी यांना पाणी मुबलक लागतं. टाकीची क्षमता विचारा आणि पाणी आलं नाही त्या दिवशी टँकर कोण मागवतं ते विचारा. पाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भेट द्या. जिना चढतानाच वास सांगून टाकतो.

वीज : इन्व्हर्टरवर काय काय आहे? दिवे-पंखे असतात, हवेच्या गादीचा पंप आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर नसतो. मेन स्विच पाडून दाखवा म्हणायचं. चिडतील, पण म्हणायचं.

आग : २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचा 'बी' नमुन्यातला दाखला द्यावा लागतो. जुना दाखला भिंतीवर असेल तर तारीख वाचा. भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला सरकारी रुग्णालयात दहा बाळं गेली, त्याच वर्षी विरार आणि नगरलाही आगी लागल्या. तिथं निदान पळून मदत आणणारे लोक होते. अंथरुणाला खिळलेले चौदा पेशंट, पहिला मजला, एक अरुंद जिना, रात्री एक अटेंडंट... पुढचं लिहीत नाही. खिडकीला ग्रिल असेल तर त्यातला उघडणारा भाग कुठला आणि किल्ली कुठं, हे विचारायचंच.

सुया, ड्रेसिंग, वापरलेल्या नळ्या घंटागाडीत जात असतील तर ते २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांचं उल्लंघन आहे. प्रक्रिया न करता असा कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. ही तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयात वेगळी जाते. पिवळ्या पिशवीतला कचरा उचलणाऱ्या एजन्सीची पावतीच नसेल तर 'आम्ही उपचार करत नाही' हे म्हणणं खरं की खोटं, तेही तिथंच कळतं. उपचार नाहीत तर सुया कुठून आल्या?

---

बार्शीलाइट

विसराळू पेशंट उठून जातो म्हणून त्याचे हात ओढणीनं खाटेला बांधतात. हे चालतं का? विचारलं तर 'तुमच्याच भल्यासाठी, नळी उपसतात' म्हणतात.

---

कोर्टकचेरी

नाही चालत, बार्शीकर. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार आणि मनःस्थितीबरोबर 'दिशाभान' आणि 'स्मृती' यांचा गंभीर बिघाड आहे. म्हणजे डिमेन्शियाचा पेशंट त्यात बसू शकतो. असे पेशंट उपचारासाठी ठेवणारी जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी. कलम ९७ प्रमाणे बांधणं फक्त तातडीचा धोका टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, लागेल तेवढाच वेळ. पद्धत, कारण आणि वेळ लिहून ठेवायची आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटच्या वतीनं नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधणं सरळ बेकायदा आहे. मनगटावरचा वळ दिसला की त्याच दिवशी फोटो काढा.

आता तक्रारीत लोक कुठं हरतात ते.

१९४९ च्या कायद्याच्या कलम ९ नं अधिकाऱ्याला आत जाऊन जागा आणि रजिस्टर तपासायचा अधिकार दिलाय. पण त्याच कलमात अपवाद आहे : रुग्णाचे वैद्यकीय कागद तपासायचा अधिकार यातून मिळत नाही. म्हणजे तुम्ही 'चौकशी करावी' लिहून गप्प बसलात तर अधिकारी येतो, खाटा आणि अग्निशामक सिलिंडर मोजतो, 'त्रुटी आढळली नाही' लिहून जातो. जखम कशी झाली हे त्याच्यापुढे येतच नाही. ते कागद तुम्हीच मिळवून अर्जाला जोडायचे.

कसे मिळवायचे? वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं डॉक्टरनं तीन वर्षं ठेवायची आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची. लेखी मागा, तारीख-वेळ घाला, पोच घ्या. पोच देत नाहीत तर त्याच मजकुराचं रजिस्टर पोस्ट. सेंटरला 'व्हिजिटिंग डॉक्टर' असतो, मागणी त्याच्या नावानेही करा, कारण ही आचारसंहिता डॉक्टरला बांधते, बंगल्याच्या मालकाला नाही. डॉक्टर एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या, अर्ज चुकीच्या परिषदेकडे पाठवू नका.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे पुढच्या हॉस्पिटलची भरतीच्या वेळची नोंद. पेशंट हलवला की तिथल्या डॉक्टरांना नम्रपणे सांगा : जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये आणि पायरी ॲडमिशन पेपरवर लिहा. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं 'जखम आमच्याकडे नव्हती' या बचावाला वाट देतं.

नुकसानभरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे भरणारा मुलगा आणि सेवा घेणारी आई, दोघंही ग्राहक. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. कुठल्या आयोगात जायचं आणि फी किती, हे तुम्ही सेंटरला भरलेल्या पैशावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. त्यामुळे पावत्या हव्यात. पैसे मालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात असतील तर दर महिन्याला संस्थेच्या नावाची पावती मागा आणि यूपीआयच्या शेऱ्यात 'अमुक महिन्याची केअर फी' लिहा.

प्रवेशाच्या फॉर्मवर 'काही झाल्यास संस्था जबाबदार नाही' असं छापलेलं असतं. त्याला घाबरू नका, पण ते कलम रद्द करा अशी मागणीही जिल्हा आयोगात करू नका. अनुचित कराराची तक्रार राज्य आयोगाच्या कक्षेत येते आणि तुमचं साधं प्रकरण त्यात अडकतं. 'सेवेतील त्रुटी' एवढंच धरा.

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याबद्दल विचारणा होईल म्हणून : प्रांताधिकाऱ्यांपुढचं न्यायाधिकरण हे मुलं किंवा वारस सांभाळत नाहीत त्यासाठी आहे, सेंटरविरुद्ध ते कामाचं नाही. काळजी केंद्रांच्या नोंदणीची तरतूद असलेलं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं होतं, ते संमत झालं नाही. म्हणूनच आपण १९४९ च्या कायद्याला धरून बसलोय. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ असते. सल्ला आणि मध्यस्थीला ठीक, तपासणीचा अधिकार तिला नाही.

---

आवकजावक

अर्ज कसा लिहायचा, तेवढंच माझं खातं. पाच पानी दुःख लिहू नका. वाचणाऱ्याला तारीख, वेळ, आकडा हवा. नमुना :

*विषय : (पत्ता) येथे नोंदणीविना शुश्रूषागृह चालवणे व रुग्णसेवेतील त्रुटी.*
*१. रुग्ण दि. __ रोजी दाखल. त्या वेळी त्वचा अखंड होती (आधीच्या दवाखान्याचा डिस्चार्ज पेपर, जोडपत्र १).*
*२. दि. __ सकाळी ११ वा. माकडहाडावर ४ × ३ सेंमी जखम (फोटो, जोडपत्र २).*
*३. कूस बदलल्याचा चार्ट मागितला. दिला नाही (मागणीपत्राची पोच, जोडपत्र ३).*
*४. दि. __ रात्री ९ वा. रुग्ण १४, उपस्थित कर्मचारी १.*
*५. मागणी : (अ) नोंदणी आहे काय ते कळवावे. (आ) रात्री ९ नंतर विनासूचना तपासणी करावी. (इ) तपासणी अहवालाची प्रत द्यावी.*

'रात्री ९ नंतर' ही ओळ महत्त्वाची, सकाळी ११ ची तपासणी म्हणजे हळदीकुंकू. फोटोत जखमेशेजारी शाळेची पट्टी धरा, चेहरा येऊ देऊ नका. दोन प्रती घेऊन इंद्रभुवनला, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत जा, आवक शिक्का आणि क्रमांक स्वतःच्या प्रतीवर घ्या. 'ठेवून जा, साहेब बघतील' यावर समाधान मानायचं नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्याला आवक क्रमांक नसतो.

पंधरा दिवस शांतता राहिली तर माहिती अधिकार. अर्ज १५० शब्दांत, एकच विषय, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 'कारवाई का केली नाही' विचारू नका, 'का'ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा : नोंदणीकृत शुश्रूषागृहांची यादी खाटा आणि मुदतीसह, अमुक पत्त्याच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल, माझ्या आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीची प्रत. ३० दिवसांत उत्तर, नाहीतर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. टिपणीची प्रत मागितली की धूळ खाणारा अर्ज चालू लागतो, कारण टिपणी लिहिल्याशिवाय प्रत देता येत नाही.

---

गड्डायात्रा

हे सगळं खरं आहे हो, पण उद्या सेंटरला कुलूप लागलं तर आतले चौदा म्हातारे कुठं जातील? विडी वळणाऱ्या, लूमवर काम करणाऱ्या घरात दोघंही कामाला जातात. मोठ्या हॉस्पिटलचं बिल परवडत नाही म्हणून तर लोक इथं ठेवतात. तक्रार केली की 'घेऊन जा तुमचा पेशंट' हे पहिलं वाक्य असतं.

---

निवृत्त_निरीक्षक

गड्डायात्रा, प्रश्न रास्त आहे. नोंदणी असलेल्या जागेची नोंदणी रद्द करायची तर कायद्यानं आधी कारणांसह किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. म्हणजे रातोरात कुलूप लागत नाही आणि त्या महिन्यात सुधारणा करून घेता येते. म्हणून मागणीत 'बंद करा' असं लिहू नका. रात्रीची दुसरी अटेंडंट, चार्ट, एक नोंदणीकृत नर्स, हे मुदत घालून मागा. एकट्यानं न जाता तीन-चार पेशंटच्या नातेवाइकांनी मिळून सही केली तर 'घेऊन जा' म्हणणं मालकालाही परवडत नाही, चार खाटा एकदम रिकाम्या होतात.

बिननोंदणीच्या जागेचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं. तिथं नोटिशीचं संरक्षण नाही आणि ही धास्तीच त्यांना वाचवते. तिथं मागणी 'नोंदणी करून घ्यावी' अशी लिहा.

पण तिसऱ्या-चौथ्या पायरीची जखम, ताप आणि गुंगी असेल तर अर्जाच्या नादी लागू नका. १०८ ला फोन, पेशंट आधी हलवा. अर्ज चार दिवसांनी दिला तरी चालतो.

आणि काचा फोडू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानं (वर आलेला केंद्राचा नव्हे, हा वेगळा) वैद्यकीय कर्मचारी आणि संस्थांवरचा हल्ला अजामीनपात्र आहे. एक खुर्ची तुटली की तुमच्या तक्रारीआधी तुमच्यावरची फिर्याद चालते.

---

शेंगाचटणी

शेवटचा प्रश्न. पेशंट तिथंच वारला आणि संशय असेल तर?

---

कोर्टकचेरी

अंत्यविधीच्या आधी पोलीस ठाणं. आकस्मिक मृत्यूची नोंद करून पोस्टमार्टेमची लेखी मागणी करा. आपल्याकडे पोस्टमार्टेम सिव्हिलला होतं. एकदा अग्नी दिला किंवा दफन झालं की कारण सिद्ध करणं जवळपास अशक्य. नातेवाईक पुण्याहून निघालेत म्हणून 'तोवर उरकून घेऊ' असं सेंटर सुचवतं, त्याला हो म्हणू नका.

मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय दाखल्याचा नमुना कुठला वापरलाय तेही बघा. संस्थेत झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४, संस्थेबाहेर म्हणजे घरी वगैरे झाला तर ४-अ. सेंटरमध्ये गेलेल्या माणसाचा दाखला ४-अ वर भरून 'राहत्या घरी' असं दाखवलं असेल तर त्याची प्रत तक्रारीला जोडा. बाकीची रक्कम भरली नाही म्हणून मृतदेह अडवून ठेवणं रुग्ण हक्कांच्या सनदेविरुद्ध आहे. तसं झालं तर ११२.

---

साखरपेठी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सिस्टरताईंची यादी आणि आवकजावक यांचा नमुना एका पानावर टाइप करून पहिल्या पोस्टला जोडतोय. तेलुगू-कन्नड शब्दांची चिठ्ठी कुणी तयार करून देईल का? दुखतंय, पाणी, लघवी, थंडी, चक्कर, भूक, कूस बदला, घरी कोण, एवढं तरी हवं.

---

बार्शीलाइट

कन्नड मी देतो, रविवारपर्यंत. तेलुगूसाठी पूर्व भागातलं कुणीतरी बघा.